दोनदा जळालेली बेकरी

आमच्या विमा कंपनीत मी दाव्यांची प्रमुख आणि आमचे हे हिशेबाचे प्रमुख. ऑफिसात सगळे यांना 'दशांश' म्हणतात, कारण टिंबानंतरचा आकडासुद्धा हे सोडत नाहीत. मला काय म्हणतात ते माझ्या तोंडावर अजून कुणी बोललेलं नाही, आणि त्यातच त्यांचं भलं आहे.

यंदा सगळ्यांचा जीव एका ओळीत अडकला होता. नियामकाकडे जाणाऱ्या वार्षिक विवरणपत्रातली ओळ: निव्वळ नफा. दोन वर्षं तिथे तोटा होता. तिसऱ्यांदा तोटा दिसला की नवीन पॉलिसी विकायला बंदी, म्हणजे अकरा माणसं घरी. आणि यांनी कितीही बेरजा केल्या तरी आकडा उणेच येत होता.

"बेकरीचा दावा थोडा कमी धर ना," हे म्हणाले.

वर्ष संपायला दहा दिवस असताना कोपऱ्यावरची बेकरी जळाली होती. भट्टी, पीठ, छप्पर, सगळं खाक. त्या दाव्यासाठी मी पूर्ण रक्कम बाजूला ठेवली होती.

"का म्हणून? त्याची भट्टी काय अर्धी जळली?"

"अगं, अकरा माणसं आहेत."

"आणि तो बारावा! त्याने सात वर्षं हप्ता भरला, तो काय तुमच्या ओळीची शोभा वाढवायला?"

झालं. तीन दिवस घरात अबोला. ताट आपटलं मीच, पण तोंड फुगवलं यांनी. खरं सांगते, त्या अकरा जणांच्या काळजीने मलाही झोप नव्हती. तरी मी रक्कम हलवली नाही.

चौथ्या सकाळी चहाचा घोट घेतला आणि दोघांचंही तोंड वाकडं झालं. नुसता पाक.

"साखर मी घातली होती!" मी ओरडले.

"मीही घातली. तू सांगितलंस कुठे?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, बेकरी जळाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"समोरच उभा होतो. त्याच दिवशी 'नुकसान झालं, पण अजून कळवलं नाही' या रकान्यात तिची रक्कम धरली मी."

"चार दिवसांनी बेकरीवाला माझ्याकडे अर्ज घेऊन आला. मग तुमची रक्कम काढलीत?"

यांनी कप खाली ठेवला. शर्टाची बटणं लावली आणि ऑफिसला पळाले. मी मागोमाग.

एकच बेकरी आमच्या कंपनीत दोनदा जळाली होती. एकदा माझ्या नोंदवहीत, एकदा यांच्या. यांची नोंद काढली, आणि त्या ओळीत नफा उमटला. अगदी चिमूटभर, पण नफा!

कंपनीच्या मोठ्या बाईंनी विवरणपत्रावर सही केली तसे हे सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. हिने माझं ऐकलं असतं तर बेकरीवाला बुडाला असता आणि चूक तशीच राहिली असती."

बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! माझे डोळे भरून आले. "पुरे आता, कामाला लागा," मी खेकसले.

बेकरीवाल्याला पूर्ण रक्कम मिळाली. दुसऱ्या सकाळी यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "साखर घातलीस?"

"घातली."

यांनी कप उचलला आणि चव न बघता सरळ मोठा घोट घेतला.