ऑक्टोबरची छाटणी

गिरजाबाईंनी कात्री दोन्ही हातांनी दाबली आणि गुलाबाची शेवटची उंच फांदी खाली पडली. फांदीवर दोन कळ्या होत्या. त्या तोडून त्यांनी पदरात घेतल्या, फांदी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबली आणि वाकून बुंध्याभोवतीची माती उकरायला लागल्या. गॅरेजमधलं लहान फावडं त्यांना सापडलं नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं होतं. मुळं दिसायला लागली तेव्हा त्या थांबल्या.

नागपुरात दसरा झाला की गुलाब असाच छाटतात. पावसाळ्यात माजलेल्या फांद्या निम्म्यावर आणायच्या, मुळं उघडी करून त्यांना थोडे दिवस ऊन दाखवायचं, मग शेणखत घालून माती परत ओढायची. डिसेंबर लागला की झाड फुलांनी लगडतं. रेल्वे क्वार्टरच्या अंगणात गिरजाबाई हे नवरा असेपर्यंत दरवर्षी करत आल्या होत्या आणि एकदाही चुकल्या नव्हत्या. आता मात्र त्यांच्या हातून एक गोष्ट राहून गेली होती. हे नागपूर नव्हतं, अमेरिकेतलं, शिकागोजवळचं नेपरव्हिल होतं.

संध्याकाळी त्यांची सून नंदा शिकागोच्या गाडीनं घरी परतली, तेव्हा आठ वर्षांची सुमेधा दारातच उभी होती.

"मॉम, डोन्ट गेट मॅड. आजी गेव्ह द रोझ अ हेअरकट."

खांद्यावरची पर्स न काढताच नंदा मागच्या अंगणात गेली. कंबरेएवढ्या झुडपाचे आता वीतभर खुंट उरले होते आणि त्यांच्या तळाशी उघडी मुळं दिसत होती.

"आई, हे काय केलं?"

"छाटलं. लई माजलं होतं बाई." गिरजाबाई हात झटकत म्हणाल्या. "आता पाहशील. सहा डिसेंबरला बाबासाहेबांच्या फोटोपुढे घरची फुलं राहतील. दरवर्षी दुकानातून काहून आणायची?"

नंदानं उलथनं उचललं, आत नेऊन धुतलं आणि जागेवर ठेवलं.

ते झाड तिनं ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात लावलं होतं. या घरात आल्यावर तिनं स्वतःसाठी म्हणून केलेली ती पहिली गोष्ट. जूनमध्ये फुलून ते गप्प बसलं, तेव्हा तिला वाटलं आपण फसलो. मग कुंपणापलीकडच्या डोरोथीनं सांगितलं की सुकलेलं फूल फांदीवर राहू द्यायचं नाही. पाच पानांच्या डहाळीपर्यंत कापायचं, नाहीतर फळं धरतात आणि झाडाला वाटतं, झालं आपलं काम. तेव्हापासून नंदा कामावरून आली की आधी कात्री घेऊन अंगणात जाई आणि मग चहा टाकी. झाडानंही शब्द पाळला. जून, जुलैअखेर, सप्टेंबर, तीन-तीनदा बहर. आणि थंडी सुरू झाली की छाटायचं नाही, उलट बुंध्यावर वीतभर मातीचा ढीग चढवायचा, हेही डोरोथीनंच शिकवलं होतं. गिरजाबाईंनी नेमकं त्याच्या उलट केलं होतं, आणि तेही अगदी मन लावून.

"तिला काही बोलू नकोस," रात्री तिचा नवरा देवानंद म्हणाला. "तिला इथला विंटर काय माहीत? पहिलाच आहे तिचा."

"मी बोलले का काही?"

"तेच तर. बोलत नाहीस. उद्या माती टाकून कव्हर करून टाक ना. वाचेल कदाचित."

"ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं."

देवानंदनं कूस बदलली. आई आणि बायको यांच्यामध्ये तो जूनपासून असाच कूस बदलत होता.

गिरजाबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान कुणाला सांगता आलं असतं. त्या पहाटे उठत, डबे भरत, सुमेधाला वंदना शिकवत, मसाल्याचे डबे आपल्या सोयीनं लावत आणि नंदा आल्यावर विचारत, "आज उशीर झाला?" प्रश्न साधाच असे. पण तो रोज ऐकून नंदाला आपल्याच घरात हजेरी लावल्यासारखं वाटे. नवरा, रामभाऊ, गेल्यानंतर त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. परतीचं तिकीट डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं होतं आणि नंदा त्या आठवड्याची वाट बघत होती. याची तिला लाज वाटे, पण वाट बघणं काही थांबलं नाही.

तिनं झाडावर माती घातली नाही. गिरजाबाईंनीच ऊन दाखवून झाल्यावर मुळं झाकली, जमीन सपाट केली आणि वर बागेच्या दुकानातलं पिशवीतलं खत घातलं. ऑक्टोबरच्या शेवटी चार दिवस ऊबदार गेले. खुंटांवर तांबडे धुमारे फुटले. गिरजाबाई सुमेधाला हात धरून ते दाखवायला घेऊन गेल्या.

"पाहा. म्हटलं नव्हतं?"

"वॉव," सुमेधा म्हणाली.

नंदा खिडकीतून बघत होती. त्या धुमाऱ्यांचं काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. दोन बादल्या मातीचं काम होतं. तिनं पडदा सरळ केला आणि कणीक मळायला घेतली.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे दंव गोठलं. सकाळी धुमारे काळे होऊन लोंबत होते. गिरजाबाई देवानंदचं जुनं जाकीट पातळावर चढवून बाहेर गेल्या आणि बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं.

"जळालं वं," त्या म्हणाल्या. "थंडीनं बी झाड जळते, हे मला माहीतच नव्हतं. तू मना काहून नाही केलं?"

नंदा भाजी चिरत होती.

"तुम्ही विचारलंच नाही, आई."

त्या दिवसापासून गिरजाबाईंनी मसाल्याचे डबे नंदाच्या जुन्या क्रमानं लावले आणि उशीर झाला का, हे विचारायचं बंद केलं. नंदाला त्याचं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

पुढच्या आठवड्यात नागपूरहून मोहनचा, गिरजाबाईंच्या धाकट्या मुलाचा, फोन आला. दोन खोल्यांत त्याची बायको, तीन पोरं आणि आता बायकोची आईही होती. तिकडे जागेची जरा ओढाताण आहे, आईला बरं वाटत असेल तर राहू दे थोडे दिवस, असं तो देवानंदला म्हणाला. जेवताना देवानंदनं विषय काढला.

"आई, तिकीट पुढे ढकलू या का? जूनपर्यंत? व्हिसा एक्स्टेंड करता येतो, मी बघतो ते."

नंदानं वरणाचं भांडं पुढे सरकवलं आणि ताटाकडे बघत राहिली. गिरजाबाईंनी घास संपवला.

"मी असं करते," त्या म्हणाल्या. "ते झाड जगलं असंल, तर राहते. माझ्या हातानं बिघडलं, म्हणून त्याचं फूल पाहूनच जाईन. मेलं असंल, तर मग काय... आपलं तिकीट आहेच."

"झाडावर कसं काय ठरवणार, आई?"

"ठरवते मी. मला इथल्या थंडीतलं समजत नाही. नंदा पाहून सांगंल."

शनिवारी सकाळी नंदा बाहेर गेली. गिरजाबाई जाकीट घालून मागच्या दारात उभ्या राहिल्या. खुंट काळपट दिसत होते. नंदा उकिडवी बसली आणि सर्वांत जाड खुंटाची साल तिनं जमिनीलगत अंगठ्याच्या नखानं खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, ताजं हिरवं. आज माती चढवली तर मे महिन्यात नक्की फुटेल, यात काही शंका नव्हती.

तिला आनंद झाला. मग जूनपर्यंतचे महिने एकेक करून डोळ्यांपुढे आले. बंद दारंखिडक्या, बर्फ, संध्याकाळी दिवा लावून वाट बघणारी ती मूक बाई. बाईचा काही दोष नव्हता, हे नंदाला कळत होतं. नागपुरात तिच्यासाठी अंथरूण पसरायलाही जागा नाही, हेही कळत होतं.

"काय आहे?" दारातून आवाज आला.

नंदानं त्या खुणेवर अंगठा ठेवला.

"मेलंय, आई."

"बरं," गिरजाबाई म्हणाल्या. मग घरात तोंड करून त्यांनी हाक मारली, "देवा, तिकीट तसंच राहू दे रे."

नंदा उठली नाही. उठून त्यांच्या समोरून आत जाणं तिला जमेना. काही वेळानं पावलं वाजली. गिरजाबाईंनी गॅरेजमधून मातीनं भरलेली बादली उचलून आणली होती. दम लागला होता तरी त्यांनी ती हलकेच खाली टेकवली.

"घालून दे," त्या म्हणाल्या. "असं उघडं नको ठेवू."

"कशाला आता, आई?"

"घालून दे बाई."

आणि त्या आत गेल्या. नंदानं बादली तिरकी केली आणि ओंजळीनं माती खुंटांभोवती सारायला लागली. पुढच्या बाजूची झाली, मग ती सरकून मागच्या बाजूला गेली. तिकडे, कुंपणाकडच्या खुंटावर, अगदी जमिनीलगत, नखाएवढी साल आधीच खरवडलेली होती. आत हिरवं होतं. खरवडलेल्या जागेची कड सुकून तपकिरी झाली होती. ती खूण आजची नव्हती, नंदानं केलेलीही नव्हती.

नंदानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. गिरजाबाई आत पाठमोऱ्या उभ्या राहून सुमेधाची वेणी घालत होत्या.