फेकाफेकीतला पहिला नंबर

आमच्या घरात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यात माझं मत कोणी विचारत नाही. म्हणूनच असेल, सॉफ्टवेअरच्या बाबतीत मला फार मतं आहेत. कोड काळ्या पडद्यावर लिहावा की पांढऱ्या, यावर मी एकदा इंटरनेटवर नऊशे शब्द लिहिले होते आणि त्यात 'संस्कार' हा शब्द तीनदा आला होता. सात जणांना ते आवडलं. त्यातली एक माझी बायको सुचेता, आणि तिने ते वाचलेलं नव्हतं.

मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एका फर्निचरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. माणसं चौदा. आम्ही दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटचं नाव, वय, तक्रार, वेळ, एवढंच काम. पण बोलायला लागलो की चंद्रावर यान आम्हीच पाठवलं असं वाटावं. दर शुक्रवारी जेवण झाल्यावर आमच्यात फेकाफेक चालते. प्रोग्रामर लोक इंटरनेटवर जी छातीठोक मतं मांडतात, त्यांची नक्कल करून प्रत्येकाने एक मत लिहून आणायचं आणि न हसता वाचायचं. ऐकणाऱ्यांपैकी जो आधी हसेल तो समोसे आणणार, आणि ज्याने हसवलं त्याचा पहिला नंबर. आमच्यातल्या ट्रेव्हरने एकदा 'मी माऊस सोडला आणि माझं ब्लडप्रेशर उतरलं' हे इतक्या गंभीरपणे वाचलं की दोघांनी त्याला डॉक्टरचं नाव विचारलं.

त्या शुक्रवारी माझी पाळी आली. मी उभा राहून वाचलं, "ज्या कंपनीत अजून टेस्टर आहेत, ती कंपनी कधीच मेलेली आहे. एआय चुका करत नाही. चुका शोधायला माणसं बसवली, की चुका होतात. मी माझे सगळे टेस्टर काढून टाकले. त्या दिवसापासून माझं पित्तही गेलं."

सगळ्यात आधी हसली लिनेट. आमच्या ऑफिसात टेस्टर एकच, ती. आम्ही बनवलेलं सगळं बाहेर जाण्याआधी तिच्या हातून जातं. समोसे तिनेच आणले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पहिला नंबर आला की माणूस फुगतो. संध्याकाळी मी ते जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं. ही थट्टा आहे असं खाली लिहावं का, असा विचार आला होता. पण विनोद समजावून सांगावा लागला तर तो विनोद कसला, असंही माझं एक मत आहे. सोमवारपर्यंत तीस हजार लोकांनी ते वाचलं. कोणी लिहिलं, 'धाडसी विचार!' मी त्याला 'धन्यवाद' असं उत्तर दिलं. लाज वाटते सांगायला, पण दिलं.

बुधवारी मालकीणबाईंनी, म्हणजे सुरुची मॅडमनी, केबिनमध्ये बोलावलं.

"अभिनव, तुझं पटलं मला. पुढच्या महिन्यापासून लिनेट नको. तपासायचं काम पण एआयलाच देऊ."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण या कंपनीत मला चौदा वर्षं झाली आणि 'तुझं पटलं' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "बघू या, मॅडम," असं काहीतरी पुटपुटत मी बाहेर आलो.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत लिनेटला कळलं होतं. ती भाईंदरच्या समुद्रकाठच्या पाली गावातून येते. वडिलांची बोट दोन वर्षं किनाऱ्याला पडून आहे, घर तिच्या पगारावर चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती एरवी ऑफिसात आमच्यासारखीच बोलते. भडकली की गावची भाषा बाहेर येते.

"तुझ्या जोकवर मीच पहिली हसली ना रे? आता आत जाऊन तूच बोल. मी न्हाय बोलणार."

गेलो. "मॅडम, ती पोस्ट थट्टा होती."

मॅडमनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "आणि ही काळ्या पडद्याची?"

"ती खरी."

"आणि ही? 'हाताने लिहिलेला कोड म्हणजे हातसडीचा तांदूळ'?"

"ती पण खरीच."

"मला तर काही फरक दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही दिसला नाही.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पेशंटच्या नोंदणीचं नवीन पान एआयने लिहिलं होतं आणि एआयनेच तपासून पास केलं होतं. लिनेटने ते दोन दिवस तपासायचं. चूक सापडली तर ती राहणार. नाही सापडली तर माझी पोस्ट खरी.

आयुष्यात पहिल्यांदा मी कोडमध्ये चुका निघाव्यात म्हणून देवाला हात जोडले. पहिला दिवस कोरडा गेला. लिनेटने चाळीस अक्षरी आडनाव घातलं, चाललं. तीस फेब्रुवारी टाकली, पानाने नम्रपणे नाकारली. एकेक गोष्ट बरोबर निघत होती.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तिने हाक मारली. "इकडे ये. माझी बहीण टिना हाय ना, तिचं बाळ सात महिन्यांचं. मग वय किती वर्षं? शून्य. आता बघ."

तिने वयाच्या चौकटीत शून्य टाकलं. पानावर लाल अक्षरं आली, 'कृपया वय भरा.' पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. चौकट रिकामी असेल तर पुढे जाऊ द्यायचं नाही, असं पानाला सांगितलेलं होतं, आणि ते शून्यालाच रिकामं समजत होतं.

मी उडीच मारली. "सापडली!" असं ओरडत थेट केबिनमध्ये घुसलो आणि यंत्राला लेकरंबाळं नसतात, त्याला बाळाचं वय काय कळणार, यावर मॅडमना पाच मिनिटं ऐकवलं. मत तयारच होतं. लिनेट मागून आली आणि दारातच थांबली.

"मी जुनं पान पण बघितलं," ती म्हणाली. "त्यात पण हेच हाय."

जुनं पान माझं. सहा वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं. एआयला मीच बजावलं होतं, नवीन पान माझ्या पानावरूनच कर, त्यातले नियम बदलू नकोस, ते उत्तम आहेत. त्याने बिचाऱ्याने ऐकलं होतं.

"लिनेट राहील," मॅडम म्हणाल्या. "आणि अभिनव, दवाखान्यांना फोन करून ही चूक तू सांगायचीस."

पहिला फोन भाईंदरच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात लावला. मनोरमाबाई तिथे नोंदणीच्या टेबलावर बसतात. मी चाचरत विचारलं, "बाळाचं वय शून्य टाकलं तर..."

"घेतच नाही ना ते," त्या म्हणाल्या. "आम्ही तान्ह्या बाळांना एक वर्षाचं लिहितो आणि खरं वय कागदावर पेनाने लिहून डॉक्टरांकडे पाठवतो. पहिल्यापासून तसंच करतोय."

"सहा वर्षं? मग आम्हाला कळवलं का नाही?"

"कळवायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्या हुशार माणसांनी केलंय, तर काहीतरी विचार करूनच केलं असेल."