दारातल्या चपला

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला देवळाली प्रवरेला आलेल्या यशोधरानं जुना कॉम्प्युटर चालू केला. बाबा फोनवर तो बंद पडलाय म्हणायचे. तो तर लगेच सुरू झाला, आणि गाड्यांच्या गेममधला तिचा लहानपणचा विक्रम कुणीतरी मोडला होता.

"हर्षल, तू खेळतोस?"

"मी? ताई, मी तो भंगारात द्यायचा म्हणतोय."

तिला भावाचं खरं वाटेना. तिनं आईला हाक मारली.

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत आई आली आणि तिनं सवयीनं खोलीच्या दारातच चपला काढल्या. कॉम्प्युटरला धूळ लागते म्हणून बाबांचाच तो नियम.

यशोधरा चपलांकडे बघत राहिली. "आई, गाडी कोण चालवायचं?"

"ते. मी नुसता ब्रेक दाबायचे. तू आलीस की तुला हरवायचं होतं त्यांना."

यशोधरानं उठून आपल्या चपला दाराबाहेर ठेवल्या.