पेशी वाढली

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून टपरीटपरीवर पैजा लागत होत्या. महानंदाच्या आईच्या नावचा शेताच्या बांधाचा दावा तेरा वर्षं लातूरच्या कोर्टात लोंबकळत होता. जिल्हा झाला की तो उदगिरात येईल, हीच तिची आशा.

तिची आई शिवम्मा जन्मभर तंबाखूची मिसरी घासत आली. गालात आतून पांढरा चट्टा उठला, तेव्हा लातूरच्या दवाखान्यात त्याचा कण काढून तपासायला घेतला. "रिपोर्ट आला की फोन करू," म्हणाले.

फोन आला तेव्हा महानंदा टँकरभोवतीच्या गलक्यात पाइप धरून उभी.

"शिवम्माच्या घरून का? लातूरहून बोलतोय. पेशी लई वाढल्यात…"

पुढचं घागरींच्या खडखडाटात गेलं. उदगिराकडं निजामाच्या काळापासून कोर्टाच्या तारखेला पेशीच म्हणतात. तारीख पुढं गेली की वकिलाचा कारकूनही 'पेशी वाढली' असंच कळवायचा.

"वाढू द्या की हो! जिल्हा झाल्यावर बघू!" महानंदा ओरडली.

"पुन्हा वाढली का गं?" शेजारची नीलाबाई हसली. "तुझ्या नातवाच्या काळातच निकाल लागंल बघ."

दवाखान्याचा फोन नाही म्हणजे सारं ठीक, असं शिवम्मानंच ठरवून टाकलं. दोन महिन्यांनी तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा जाईना, तेव्हा दोघी लातूरला गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासून शिवम्माला बाहेर बसवलं. मग महानंदाला म्हणाल्या, "शरीर बारीक बारीक पेशींचं असतं, ताई. त्यांना आवर घालणारं एक प्रथिन असतं, ते आजींचं बिघडलंय. किती पेशी वाढीला लागल्यात, ते दुसऱ्या प्रथिनावरून कळतं. कण तपासला तेव्हाच शंभरातल्या साठ होत्या. तेव्हा कापून काढता आलं असतं."

"आन् आता?"

बाईंनी नुसती फाइल पुढं सरकवली. निळ्या शाईत लिहिलं होतं : पेशी वाढल्याचे फोनवर कळवले. मुलगी म्हणाली, जिल्हा झाल्यावर बघू.

महानंदाला आपलाच आवाज ऐकू आला. तिनं फाइल मिटली आणि ती उठली.

बाहेर शिवम्मा बाकावर पदरानं तोंड दाबून बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिनं ओळखलं. बोबड्या शब्दांत म्हणाली, "मेल्यांनी एक फोन केला असता, तर तवाच आलो असतो की गं आपण. तू तर उठल्या पायी आणलं असतंस मला."

"हाव, अव्वा," महानंदा म्हणाली.