दादाच्या डोळ्याचा थर

दिवस पहिला, सोमवार

दादाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेवरून तिळाएवढा तुकडा काढला. दुसरा डोळा बॅटरीतल्या ॲसिडने दीड वर्षापूर्वीच गेलेला. तुकडा त्याच्या धाकट्या बहिणीच्याच लॅबमध्ये आला. चौदा दिवसांत त्यातल्या मूळ पेशींचा पातळ थर वाढवायचा, मग डॉक्टर तो जळक्या डोळ्यावर बसवणार. तुकडा एकदाच काढता येतो. पुन्हा काढायला गेलं तर चांगला डोळाही हातचा जायचा.

दिवस तिसरा

"तुकडा खातोय का नीट?" फोनवर दादा.

"माझ्यापेक्षा जास्त."

"लक्ष ठेव गं. लहानपणी माझं दूध मांजरीला पाजायचीस."

दिवस सातवा

रविवार. तरी आली. पेशींना सुट्टी कळत नाही.

दिवस नववा

पडद्यावर आलेख. "गुडघ्यांच्या पेशींची बाजारपेठ दहा वर्षांत आठपट," लॅबचे साहेब म्हणाले. "म्हातारं कोण होत नाही? डोळ्यांचे असे रुग्ण मात्र वर्षाला जेमतेम चाळीस, तेही हातावर पोट असलेले."

डोळ्यांचा विभाग शुक्रवारी बंद. चालू नमुने नष्ट करायचे.

दिवस दहावा

"दोन दिवस द्या, सर. रविवारी थर तयार होतोय."

"विभागाचा परवाना शुक्रवारी संपतो. नंतर बसवला तर डॉक्टर गोत्यात येतील." साहेबांनी चष्मा काढला. "तुमची जागा गुडघ्यांकडे पक्की आहे."

माणूस वाईट नव्हता. तेच जास्त लागलं.

दिवस अकरावा

डॉक्टरांना विचारलं, उद्याच बसवाल का? अर्धवट थर टिकत नाही, म्हणाले.

दादाचा फोन. उचलला नाही.

दिवस बारावा

चार डिश. तिन्हींत ब्लीच ओतलं. चौथी, दादाची, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कडेच्या पेशी रिकाम्या जागेकडे सरकत होत्या. तिने आधी त्यांचं पोषक द्रव बदललं. उपाशी कसं पाठवायचं?

मग ब्लीच.

दिवस तेरावा

नोंद नाही.

दिवस चौदावा

लॅबच्या दारात दादा. नवा शर्ट, दाढी केलेली. तिचा चेहरा बघून तो स्टुलावर बसला.

"माझंच काही चुकलं का? बॅटरीच्या दुकानात धूळ फार. आतच गेली असेल."

"नाही रे. छान वाढत होत्या."

"मग?"

ती त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला बसली आणि मंगळवारच्या आलेखापासून सगळं सांगितलं. गुडघे, परवाना, चाळीस.



"चाळीस?" तो म्हणाला. "एवढे आहेत होय. मला वाटायचं, मीच एकटा."