सासूबाई बाहेर राहिल्या

आमच्या प्रयोगशाळेत एका एन्झाइमचं नाव सासूबाई आहे. बारसं मीच केलं. ते मिळतं गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जिवाणूपासून आणि डीएनएच्या प्रती काढतं. बाकीची एन्झाइमं तापली की हात टेकतात. ही बया पंच्याण्णव अंशांनाही ढिम्म हलत नाही. नाव शोधावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी येऊन बघते तर शेवटची नळी टेबलावर! शनिवारी फ्रीजरमध्ये ठेवायला मीच विसरले होते. काही मिनिटांची उकळी ती सोसते, पण दोन दिवस बाहेर राहून टिकेल याची खात्री नसते. नवी यायला तीन आठवडे, आणि माझ्या प्रबंधाचा शेवटचा निकाल शुक्रवारी द्यायचा होता. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला मेसेज टाकला, ‘सासूबाई दोन दिवस बाहेरच राहिल्या. मेल्या असतील तर माझं सगळं संपलं. तुझ्याकडे दुसरी आहे का?’

घाईत तो गेला घरच्या ग्रुपवर.

उत्तर खुद्द सासूबाईंचं आलं. ‘मी घरातच आहे. जिवंत. दुसरी खुशाल शोध.’

मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. नवऱ्याला सगळं समजावलं, तर तो मेला हसतच सुटला. मला रडू येत होतं. प्रबंध एकीकडे आणि सासूबाई दुसरीकडे, दोन्ही एकाच सकाळी घालवले होते.

त्याच नळीतला थेंब घेऊन चाचणी लावली. यंत्र दोन तास तापलं, निवलं, तापलं. मग नमुने जेलवर चढवले आणि दिव्याखाली धरले. लख्ख पट्ट्या! म्हणजे डीएनएच्या प्रती निघाल्या होत्या.

"सासूबाई जिवंत आहेत!" मी किंचाळले. मदतीला आलेली मैत्रीण टाळ्या पिटायला लागली.

"हो, आहेत ना," दारातून आवाज आला.

खऱ्या सासूबाई उभ्या होत्या, हातात मी विसरलेला डबा. "त्याने सांगितलं सगळं. म्हटलं, बघून तरी यावं माझ्या नावाचं कोण आहे ते."

मी खाली मान घालून नळी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून तिच्यावरची ‘सासूबाई’ ही चिठ्ठी वाचली.

"एवढीशी?"

"हो आई. पण कितीही तापली तरी काम सोडत नाही."

"ते बरोबर आहे," डबा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "आता तिला तापवतं कोण, तेही लिही प्रबंधात."