दोनशे अकरा ईरप्पा मामा

होटगीच्या सुकन्याचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं घरात जाहीर करून टाकलं, की पत्रिका वाटत गावोगाव हिंडायचं काही कारण नाही. ती सोलापुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती आणि आपल्याला प्रोग्राम लिहिता येतो याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. यादीतल्या प्रत्येकाला मोबाइलवर त्याच्या त्याच्या नावानं पत्रिका जाईल, असा प्रोग्राम ती लिहिणार होती. आदरणीय तिप्पण्णा काका, आदरणीय नागूबाई आत्या, ज्याचा मान त्याला.

यादी करायला बसले आणि ठिणगी पडलीच. सुकन्याची आई केराबाई, तिचा एकुलता एक भाऊ ईरप्पा वळसंगला राहायचा. सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या वास्तुशांतीत टॉवेल-टोपीचा मान देताना नेमकी त्याची पाळी आली आणि टॉवेल संपले. हातात नुसती टोपी पडली. ईरप्पानं ती खुर्चीवर ठेवली आणि न जेवता फटफटीला किक मारली. सुकन्याचे वडील धुळाआण्णाही कमी नव्हते. टॉवेलावरून रुसणाऱ्याला माझ्या दारात बोलावणं नाही, असं ते म्हणाले आणि त्यालाच धरून बसले. ह्या दोघांच्या ताठ्यात केराबाईला सहा वर्षं माहेर नव्हतं.

आता पंचाईत अशी, की लग्नात पोरीला अंतरपाटापाशी आणतो तो मामा. भटजी पुकारतील आणि मामाच नसला तर चारचौघांत काय शोभा राहील, ह्या काळजीनं केराबाईला घास गिळवत नव्हता. नवऱ्याची पाठ वळलेली बघून ती लेकीला हळूच म्हणाली, "मामाचं नाव लिव. लई खाली लिव, पर लिव."

सुकन्यानं अगदी शेवटच्या, दोनशे बाराव्या ओळीत नाव घातलं आणि नंबराची जागा मोकळी सोडली. नंबरच नाही म्हटल्यावर पत्रिका जाणार नाही. वडिलांचा शब्दही राहील आणि आईचं मनही. पोरगी हुशार होती, आणि हुशार माणसं गोत्यात येतात ती अशीच.

रविवारी सकाळी दहा वाजता तिनं प्रोग्राम सुरू केला. पाचच मिनिटांत तिप्पण्णा काकांचा फोन आला. मी तुझा ईरप्पा मामा कधीपासून झालो, असं ते विचारत होते. मग नागूबाई आत्याचा आला. आत्याला मामा केल्याबद्दल ती बोलायची थांबेना. अकरापर्यंत दोनशे अकरा जणांना पत्रिका पोचल्या आणि प्रत्येकीवर एकच नाव होतं, आदरणीय ईरप्पा मामा. पत्रिका मिळाली नाही तो एकटा ईरप्पा.

सुकन्यानं प्रोग्राम पुन्हा उघडला. तिनं ऑफिसातल्या राजश्रीला फोन लावला आणि दोघींनी प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. प्रोग्राम यादीवरून एकेक नाव घेत फेऱ्या मारत होता. धडाधड पाठवलं तर नंबर बंद होतो, म्हणून प्रत्येक पत्रिकेला थोडं थांबून निघायला सांगितलेलं होतं. नंबर प्रत्येकीनं आपापला खिशात घातला होता. नाव मात्र सगळ्यांसाठी एकाच पाटीवर लिहिलं जात होतं. पुढचं आलं की आधीचं पुसायचं. फेऱ्या क्षणात संपल्या. पत्रिका निघताना पाटीकडे बघायच्या, तर तिथं शेवटचं नाव उरलेलं. नावाआधी प्रोग्रामच्या भाषेतला 'व्हार' हा शब्द लिहिला होता, तिथं 'लेट' पाहिजे होतं, म्हणजे प्रत्येक फेरीला स्वतःची वेगळी पाटी मिळाली असती.

"तुला 'लेट' लिहायला लेट झालं गं," राजश्री म्हणाली. सुकन्याला हसू आलं नाही.

एक शब्द बदलून तिनं दुपारी सगळ्यांना बरोबर नावानं पत्रिका पाठवल्या, पण तोवर गाडी पार पुढं गेली होती. लोकांना वाटलं, ईरप्पाची पत्रिका चुकून आपल्याकडं आली, आणि दुसऱ्याची पत्रिका दाबून ठेवायची नाही एवढी रीत सगळ्यांना ठाऊक. वळसंगला फोनवर फोन सुरू झाले. पहिले दहा-बारा ईरप्पानं कापले. नंतर तो ऐकून घ्यायला लागला. सोमवारी तर तो पारावर बसून सांगत होता, की धुळाला थेट यायचं तोंड नाही, म्हणून त्यानं अख्खा तालुका मध्यस्थीला घातलाय.

हे कानावर आल्यावर धुळाआण्णा लेकीशी दोन दिवस बोलले नाहीत. पण दोनशे अकरा जणांना फोन करून मेव्हण्याला बोलावलेलं नाही असं सांगायचं, तर त्यालाही तोंड लागतं. त्यांनी फोनला हात लावला नाही.

बुधवारी सकाळी ईरप्पा फटफटीवर दारात आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. केराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर घाईत निम्मं पाणी वाटेतच सांडलं. ईरप्पानं तिच्याकडं बघायचं टाळलं आणि भाचीला विचारलं, "दोनशे अकरा फोनात माझं नाव हाय. माझ्या फोनात न्हाय. खरं सांग, चुकून झालं का मुद्दाम?"

सुकन्या घाबरली. चुकून म्हणावं तर मामा आल्या पावली परत जाणार, मुद्दाम म्हणावं तर वडील समोर उभे. शेवटी तिनं खरं होतं तेच सांगितलं.

"पाटवताना चूक झाली, ती माझी. पर नाव आईनं मुद्दाम लिवायला लावलं. नंबराची जागा तेवडी मोकळी हाय, मामा. तुमी सांगा, मी भरते."

धुळाआण्णा वळून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात कोरा टॉवेल होता आणि दुसऱ्या हातात घडीतच पिवळी पडलेली एक टोपी.

"ह्यो टॉवेल," ते म्हणाले. "टोपी तुजी हितंच राहिली व्हती."

ईरप्पानं टोपी उलटसुलट करून बघितली. मग ती डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि उंबरा ओलांडत एकेक आकडा करून नंबर सांगायला लागला. केराबाई पदरात तोंड घालून रडत होती आणि मधूनच हसत होती.

लग्नात भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." तशी मागून आठ-दहा बाप्ये उठले. सगळ्यांत पुढं तिप्पण्णा काका. आमच्याकडं पत्रिका हाय, पुरावा हाय, असं म्हणत त्यांनी मोबाइल वर धरले. सगळा मांडव हसत सुटला. ईरप्पानं एकेकाला हातानं खाली बसवलं, टोपी नीट केली आणि भाचीचा दंड धरला.

चालता चालता तो तिच्या कानाशी वाकला. "पोरी, तू मला मामा बनवलंस की."

"व्हय मामा," सुकन्या मुंडावळ्यांआडून म्हणाली, "पर तुमच्या आदी दोनशे अकरा जणांना बनवलं."